जुनी पाकिटं जमवताना आतल्या पत्रांचं काय करता?

पानगळ
नमस्कार मंडळी,
माझा छंद तसा मर्यादित आहे. पोस्टातून जाऊन आलेली जुनी पाकिटं, अंतर्देशीय पत्रं, कार्डं जमवते. तिकिटांसाठी कमी, शिक्क्यांसाठी जास्त. गावांची नावं वाचायला मजा येते. मध्यंतरी पुण्याच्या जुन्या बाजारात सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा घेतला. घरी आणून सोडला तर बहुतेक पाकिटांत पत्रं तशीच. सगळी एकाच घरातली दिसतात, नगर जिल्ह्यातलं गाव, मुलगा मुंबईला नोकरीला. "ती. बाबांचे चरणी शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि." इथपर्यंत वाचलं आणि पुढे वाचावं की नाही ते कळेना.
एका जुन्या संग्राहकांना विचारलं तर म्हणाले, पत्रं काढून टाका, अल्बम फुगतो. ते काही पटलं नाही. तुम्ही काय करता? वाचता का? जपता का? आणि ज्यांचे शिक्के पुसट आहेत त्यांचा काळ कसा ओळखायचा?

पेठकर
दुसऱ्याचं पत्र वाचू नये असं आम्हाला लहानपणी शिकवलं होतं. पैसे देऊन विकत घेतलेलं वाचू नये असं कुणी शिकवलेलं नाही.

टपालवेडा
ज्यांनी पत्रं काढून टाका सांगितलं ते तिकीटवाले असणार. पोस्टल हिस्टरी जमवणाऱ्यांत आत पत्र असलेल्या पाकिटाला 'एन्टायर' म्हणतात आणि त्याला मान जास्त असतो. कारण साधं आहे. पाकिटावर जास्त तिकिटं का लावलीत, रजिस्टर का केलंय, उलट्या दिशेनं का फिरलंय, याची उत्तरं पुष्कळदा आतच असतात. पत्रावर लिहिलेली तारीख, टाकल्याचा शिक्का आणि मागच्या बाजूचा पोचल्याचा शिक्का, या तीन तारखा जुळवल्या की टपालाला किती वेळ लागला ते कळतं. पत्र फेकलंत की यातली एक तारीख गेली.
आणि पाकीट हा प्रकारच मागाहून रुळला. १८५४ मध्ये देशभर तिकिटं सुरू झाली त्याच्या आधीच्या पत्रांत बहुधा पाकीट नसतंच. पत्राचाच कागद घडी घालून लाखेनं बंद करायचा, वर पत्ता. तिथे पत्र फेकायचं म्हटलं तर पत्ताही गेला!

रानजाई
मी वाचत नाही. माझ्याकडे आजोळच्या माळ्यावरची बरीच कार्डं आहेत, ती वाचते, कारण ती माझी माणसं. विकत घेतलेल्या पाकिटातलं पत्र मात्र घडी न उलगडता तसंच ठेवते. ज्यानं लिहिलं त्यानं माझ्यासाठी लिहिलेलं नव्हतं. एवढं साधं आहे.

पेठकर
@रानजाई, मग इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी वाड्यावाड्यांतून दुसऱ्यांची पत्रं गोळा करून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले, ते काय घडी न उलगडता?

रानजाई
पेशव्यांच्या कारभाऱ्याचं पत्र आणि १९५८ साली एखाद्या बाईनं माहेरी लिहिलेलं पत्र यांत फरक आहे हो. त्या बाईची मुलं आजही हयात असू शकतात.

खाडीपलीकडे
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. धागा शंभरी गाठणार.

निवृत्त_सॉर्टर
मी आरएमएसमध्ये (रेल्वे मेल सर्व्हिस) होतो. रात्रभर धावत्या गाडीच्या डब्यात उभं राहून पत्रं खणाखणांत टाकायची. आम्ही पत्ते वाचले, आतलं कधी नाही. कार्डाची गोष्ट वेगळी, ते उघडंच. पण खरं सांगतो, हातातल्या गठ्ठ्याचा वेग असा असतो की 'ता.' आणि 'जि.' यापलीकडे डोळा जातच नाही.
पानगळ ताई, शिक्का पुसट असेल तर पत्त्यावरून काळ काढा. जिल्हा 'कुलाबा' लिहिला असेल तर १९८१ च्या आधीचं, त्या साली त्याचं रायगड झालं. 'दक्षिण सातारा' असेल तर १९४९ ते १९६० मधलं, पुढे तो सांगली जिल्हा झाला. 'पश्चिम खानदेश' म्हणजे आताचं धुळं-नंदुरबार. मालवणच्या पत्त्यात 'जि. रत्नागिरी' असेल तर सिंधुदुर्ग व्हायच्या, म्हणजे १९८१ च्या आधीचं.

टपालवेडा
वा! सॉर्टर साहेब, हे पुस्तकात मिळत नाही. त्यात भर घालतो.
तिकिटावर 'आणे' असेल तर १९५७ च्या एप्रिलच्या आधीचं छापलेलं. 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४ मधलं. नुसतं 'पै.' किंवा 'पैसे' असेल तर त्यानंतरचं. राजाचं डोकं दिसलं म्हणून स्वातंत्र्याआधीचं असं मात्र समजू नका, सहाव्या जॉर्जची तिकिटं १९४७ नंतरही चालत होती.
पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी ५ पैशांचं एक जादा तिकीट आणि त्यावर 'रेफ्युजी रिलीफ' असं असेल, तर ते १५ नोव्हेंबर १९७१ ते मार्च १९७३ मधलं. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांसाठी टपालावर तो कर बसवला होता. सुरुवातीला छापील तिकिटं सगळीकडे पोचली नव्हती, म्हणून कित्येक पोस्टांनी घरच्या घरी रबरी शिक्का करून साध्या तिकिटांवर मारला. ते गावठी शिक्के जमवणारे वेडे वेगळेच. मी त्यातलाच.

सोनचाफा
आणि पिन कोड नसेल तर १९७२ च्या आधीचं ना? पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी तो आखला. टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि शिवाय संस्कृतचे कवी.

निवृत्त_सॉर्टर
ताई, पिन असेल तर १९७२ नंतरचं हे नक्की. पिन नसेल तर काहीच सिद्ध होत नाही. मी निवृत्त होईपर्यंत पिन न लिहिणारी मंडळी भरपूर होती. 'मु. पो.' लिहिलं की आपलं काम संपलं असं समजणारी.

पेठकर
आम्ही 'पुणे ३०' लिहायचो. बाकी आकडे बाहेरगावच्या लोकांसाठी.

सोनचाफा
@पेठकर, तुमचं ते ३० अजूनही ४११०३० मध्ये शेवटी तसंच आहे. मुंबई २८ चं ४०००२८, मुंबई ४ चं ४००००४. जुने विभाग त्यांनी मोडले नाहीत, पिनच्या शेपटीला लावून दिले. त्यामुळे 'मुंबई ४' पर्यंतच पत्ता असलेलं पाकीट आजही गिरगावात पोचेल असं वाटतं.

पेठकर
गिरगावचं माहीत नाही. सदाशिव पेठेत नाव न घालताही पोचेल, फक्त पोस्टमनला दुपारी १ ते ४ यायचं नाही.

गोदाकाठ
मराठवाड्यातल्यांसाठी सांगतो. आपल्याकडची जुनी पाकिटं बघताना निजामाचं टपाल विसरू नका. हैदराबाद संस्थानाची स्वतःची तिकिटं होती आणि ती १९५० पर्यंत चालली. १८७१ च्या मालिकेत तिकिटावर इंग्रजी, उर्दू, तेलुगूबरोबर मराठीही आहे. मात्र ते तिकीट संस्थानाच्या हद्दीतच चालायचं. औरंगाबादेहून परभणीला पत्र गेलं तर निजामाचं तिकीट, नाशिकला गेलं तर ब्रिटिश हिंदुस्थानचं लागणार. माझ्या पणजोबांची दोन्ही प्रकारची पाकिटं आहेत.
तारखेत 'फसली' सन (निजामाच्या कारभारातला महसुली सन) दिसला तर घाबरू नका.

टपालवेडा
तारखेवरून आठवलं. पत्राच्या आत बहुतेक वेळा इंग्रजी तारीख नसतेच, 'मिती आषाढ शु. ५ शके १८६५' असं असतं. शकात ७८ मिळवा, म्हणजे १९४३. जानेवारी ते मार्चमधलं पत्र असेल तर ७९. व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवरची कार्डं असतील तर संवत असतो, त्यातून ५७ वजा करा, तिथेही वर्षाच्या एका टोकाला एकाचा फरक पडतो. पानगळ, हे सगळं घडी उलगडल्याशिवाय दिसणार नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो. @रानजाई, हलके घ्या.

रानजाई
हलकेच घेतलं. तारीख वाचा की, ती पहिल्या ओळीतच असते. तिथे थांबा.

वऱ्हाडी_ठेचा
काहून थांबा? आमच्या आजोबाचा कापसाचा धंदा होता. घरी एक लोखंडी तार होती, खाली लाकडी चकती, वर आकडा. आलेलं पत्र वाचलं की घे अन् तारेत खुपस. वर्ष भरलं की तार भिंतीवर टांगायची अन् नवी घ्यायची. आज बाजारात जी जुनी कार्डं भेटतात न, त्यातल्या निम्म्याच्या पोटात भोक असते, पाह्यलं का? ते हेच. एका कार्डावर 'रुईचा भाव' याच्या पुढचा आकडाच तारेनं खाल्ला आहे. भाव काय होता ते आता कोणालाच सांगता येत नाही बाप्पा.
घरात आणखी एक कार्ड आहे, मोडी लिपीत. घरातल्या बाया म्हणतात आजोबाला कोणी बाईनं लिहिलं. पिढीजात भांडण आहे त्यावरून. वाचणारं कोणी हाये का इथं?

लिपिका
मोडी येते. फोटो विपूत (माझ्या विचारपुशीत) टाका.

कोरा_कागद
वऱ्हाडी_ठेचा यांनी तारेचा विषय काढला तो फार महत्त्वाचा आहे. आपल्याला जुनी पत्रं मिळतात ती कुणाची, हा प्रश्न विचारला पाहिजे. तारेत खोचली ती टिकली. म्हणजे धंद्याची, देण्याघेण्याची, कोर्टकचेरीची. पुरुषांच्या हातात आलेली. बायकांची पत्रं फडताळात साडीच्या घडीत राहिली आणि त्या गेल्या तेव्हा साड्यांबरोबर गेली.
आणि एक प्रकार तर जवळजवळ टिकतच नाही. कुणी गेल्याचं कार्ड. वर 'श्री' नसायचा, कोपरा फाडलेला असायचा, पोस्टमनच्या हातात बघूनच घरातल्यांना कळायचं. ते दारातच वाचून फाडायचे, घरात आणायचे नाहीत. त्यामुळे कुठल्याही गठ्ठ्यात लग्नाची हळदीकुंकू लावलेली पत्रं निघतील, बारशाची निघतील, परीक्षेच्या निकालाची निघतील. मृत्यूचं सहसा निघत नाही. त्या घरात कुणी मेलंच नाही असं वाटावं असा गठ्ठा असतो. मला आजवर एकच कोपरा फाटलेलं कार्ड सापडलं आहे, तेही वहीत खूण म्हणून घातलेलं.

सोनचाफा
बाप रे. हे कधी लक्षातच आलं नव्हतं. +१००

खाडीपलीकडे
आमच्याकडे कोकणात ह्याच्या उलट एक होतं. नॉटपेड! पैसे असूनही मुद्दाम तिकीट न लावता पत्र टाकायचं. आजी म्हणायची, तिकीट लावलं तर पोस्टमन वाटेत टाकून देईल, नॉटपेड असेल तर त्याला पैसे वसूल करायचे असतात, म्हणून नदी ओलांडून येतो. घेणाऱ्याला दुप्पट भुर्दंड! मुंबईच्या मामानं एकदा पत्रच घेतलं नाही. पोस्टमननं पाकिटावर लिहून परत पाठवलं आणि आजी वर्षभर त्याच्याशी बोलली नाही. ते पाकीट अजून आहे, आतलं पत्र कधी उघडलंच गेलं नाही.

रानजाई
ते तरी उघडू नका!

पेठकर
उघडा. आजीला काय हवं होतं ते मामाला कळू दे.

खाडीपलीकडे
मामा आता नाही. आजीही नाही. आई म्हणते राहू दे बंद.

मांडवीतीर
गोव्यातून लिहितो. आमच्या घरातल्या पेटाऱ्यात 'एश्तादु द इंडिया'ची पाकिटं आहेत, पोर्तुगीज तिकिटं लावलेली. त्यातही काळ ओळखायची सोय आहे. १९५९ च्या आधीची तिकिटं रुपये-टांगा चलनातली, त्यानंतरची एश्कूदो चलनातली, आणि १९ डिसेंबर १९६१ नंतर लवकरच भारतीय तिकिटं. पत्ते मात्र बघण्यासारखे. गोव्यातून मुंबई सोडाच, मोंबासा, लोरेन्सु मार्किश, लिस्बन. जहाजावर काम करणाऱ्या माणसाला जहाजाच्या नावानं, पुढच्या बंदराच्या पत्त्यावर. एका घरात आजोबा पोर्तुगीजमध्ये लिहितात, आजी रोमी लिपीत कोंकणी, आणि काका मराठीत. तिन्ही पत्रं एकाच पाकिटात, कारण तिकिटाचे पैसे वाचतात. आता यातलं कुठलं पत्र 'काढून टाकू'?

परदेशी_पाव्हणी
एरोग्राम कुणालाच कसे आठवले नाहीत? सत्तरच्या दशकात अमेरिकेत आलो तेव्हा फोन परवडायचा नाही. आईचा निळा एरोग्राम यायचा. तीन बाजूंनी कापायचा असतो आणि घाईत कापला की हमखास शेवटच्या ओळी कापल्या जायच्या, कारण जागा संपली की ती कडेनं, मग दुमडीवर, मग पत्त्याच्या डोक्यावर लिहायची. माझ्या संग्रहातल्या निम्म्या पत्रांत 'बाकी सर्व ठीक, मात्र तुझ्या काकां' असं येऊन पुढचं गायब.
अवांतर: मी न्यू जर्सीत राहते, रोझेल इथून लांब नाही. आनंदीबाई जोशी ज्या कार्पेंटरबाईंकडे उतरल्या ते गाव. गोपाळरावांचं पत्र एका मिशनरी नियतकालिकात छापून आलं आणि कार्पेंटरबाईंनी ते दाताच्या दवाखान्यात बसल्या बसल्या वाचलं. मग त्यांनी पत्र लिहिलं आणि पुढचं सगळं घडलं. आनंदीबाईंचं १८८३ चं प्रवेशासाठीचं पत्र फिलाडेल्फियात ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. त्या बाईचं पत्र आज कुणीही वाचू शकतं. त्यांनी ते कॉलेजसाठी लिहिलं होतं, तुमच्या-माझ्यासाठी नाही. तरी वाचून बरं वाटतं.

काळाकोट
कायद्याचं थोडं सांगतो, कारण कुणीतरी फेसबुकवर टाकायच्या गोष्टी करणारच. जुन्या बाजारात घेतलेला कागद तुमचा. मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या पश्चात वारसांचा. 'साठ वर्षं झाली, आता मोकळं' हे सगळ्यांना पाठ असतं, पण ते लेखकाच्या हयातीत छापलेल्या लिखाणाचं. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथमच छापल्या जाणाऱ्या मजकुराची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजायची, कॉपीराइट कायदा १९५७, कलम २४. म्हणजे न छापलेली खाजगी पत्रं मोकळी व्हायला फार वेळ लागतो. वाचायला, जपायला, अभ्यासायला कुणाची हरकत नाही. अख्खं पत्र छापण्याआधी विचार करा.

पेठकर
फी किती झाली?

काळाकोट
नॉटपेड पाठवतो. दुप्पट द्या.

टपालवेडा
हाहा! कोट साहेब 👏

पाऊलवाट
मी उलटा उद्योग करून बघितला, तो सांगते. माझ्या हाती एक गठ्ठा आला होता, पत्ता स्पष्ट, आडनाव दुर्मिळ. म्हटलं घरच्यांना परत करू, किती आनंद होईल. गावच्या पोस्टमास्तरांच्या मदतीनं नातवापर्यंत पोचले. फोनवर ते आधी खूश झाले. मी पत्रं पाठवली. महिन्याभरानं त्यांचा फोन आला, आवाज बदललेला. त्या पत्रांत एक जमीन कुणी कुणाला तोंडी देऊ केली होती याचा उल्लेख होता आणि आता दोन भावांत वाद लागला होता. ते म्हणाले, बाई, तुम्ही रद्दीत का नाही टाकलीत? मला अजूनही उत्तर सुचलेलं नाही. पण परत करणं म्हणजे पुण्याचंच काम, असं आता मी कुणाला सांगत नाही.

रानजाई
@पाऊलवाट 🙏 माझं म्हणणं हेच होतं, फक्त मला इतकं नीट सांगता आलं नाही.

कोरा_कागद
माझ्या मते याचा अर्थ उलट निघतो. वाद पत्रानं लावला नाही, जमिनीनं लावला. असो. एक पत्र बघा, म्हणजे मी का वाचते ते कळेल. नावं गाव काढून सांगते. साठच्या दशकातलं अंतर्देशीय. सगळ्यात वर दोन ओळी सासूबाईंच्या, अक्षर मोठं, थरथरतं: 'चि. सौ. इकडे सुखात आहे, काळजी नसावी.' मग खाली सुनेचं पत्र, शाईनं, सुबक. हवापाणी, गायीला वासरू झालं, वन्संचं ठरतंय, 'इकडील सर्व क्षेम.' पत्र घरातल्यांनी वाचून बंद केलं जाणार हे तिला माहीत आहे, हे प्रत्येक ओळीत दिसतं. आणि शेवटी जी पट्टी आत दुमडून चिकटवतात तिच्या आतल्या बाजूला, पेन्सिलीनं, अगदी बारीक: 'भाऊला पाठव.'
एवढंच. भाऊ आला का, माहीत नाही. पण पत्र 'घडी न उलगडता' ठेवलं असतं तर पेन्सिलीची ती ओळ या जगात कुणालाच दिसली नसती.

सोनचाफा
...

परदेशी_पाव्हणी
काटा आला.

निवृत्त_सॉर्टर
अशी किती पत्रं आमच्या हातून गेली असतील.

गोदाकाठ
वातावरण जरा हलकं करतो. फौजेतली पत्रं कुणाकडे आहेत? माझ्या काकांची आहेत, पत्ता 'द्वारा ५६ एपीओ' (आर्मी पोस्ट ऑफिस). ईशान्य सोडून देशात कुठेही असोत, पत्ता तोच. ईशान्येला गेले की ९९ एपीओ. काकू गंमत सांगते, की काका कुठे आहेत ते ती पत्रातल्या भाजीवरून ओळखायची. 'इथे कोबीशिवाय काही मिळत नाही' म्हणजे वर डोंगरात.

टपालवेडा
फौजी पाकिटांवर शिक्क्यात एफपीओचा (फील्ड पोस्ट ऑफिसचा) नंबर असतो, त्यावरून तुकडी कुठे होती हे अभ्यासकांनी बरंच लावलं आहे. पिनचा पहिला आकडा ९ दिसला तर सैन्याचं टपाल.
दुसऱ्या महायुद्धातल्या पाकिटांना कडेनं एक पट्टी चिकटवलेली असते, 'ओपन्ड बाय एक्झामिनर'. सेन्सॉरनं कापून वाचून परत बंद केलेलं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये असलेल्या हिंदी शिपायांची पत्रं तर सेन्सॉर कचेरीत इंग्रजीत उतरवून घेतली गेली. मराठीतलीही. ते उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ पत्रं पुढे गावोगाव गेली आणि बहुतेक नाहीशी झाली. रानजाई, सरकारनं दुसऱ्याचं पत्र वाचलं म्हणूनच त्या शिपायाचं म्हणणं उरलं. मला या गोष्टीचा राग येतो आणि उपकारही वाटतात.

खाडीपलीकडे
अपघातातली पत्रं राहिली की. 'क्रॅश कव्हर' म्हणतात ना त्यांना? होमी भाभा ज्यात गेले ते 'कांचनगंगा' विमान जानेवारी १९६६ मध्ये माँ ब्लाँवर कोसळलं. त्यातली परराष्ट्र खात्याची टपालाची पिशवी २०१२ मध्ये बर्फातून वर आली. आत वर्तमानपत्रं आणि कॅलेंडरं.

पेठकर
शेहेचाळीस वर्षं उशीर. आमच्या कुरियरवाल्याचा विक्रम थोडक्यात हुकला.

लिपिका
@वऱ्हाडी_ठेचा, फोटो मिळाला, कार्ड वाचलं. बाई वगैरे कुणी नाही. लिहिणारा अमरावतीकडचा अडत्या आहे. 'शेंगेचा भाव उतरला, माल आत्ता पाठवू नये' असं आहे. शेवटी, 'मागील खेपेस आमची छत्री आपणाकडे राहिली, येणाऱ्या इसमाबरोबर जरूर पाठवावी, पाऊस तोंडावर आहे.' 'जरूर' दोनदा लिहून खाली रेघ मारली आहे.
ज्यांना मोडी शिकायची असेल त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा. पुराभिलेख खात्याचेही वर्ग असतात. पोस्टकार्डांवरची मोडी दफ्तरातल्या मोडीपेक्षा अवघड, कारण जागा कमी आणि घाई जास्त.

वऱ्हाडी_ठेचा
छत्री!! दोन पिढ्या आजीनं आजोबाला टोमणे मारले न राजा!

पानगळ
सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. मी ठरवलं आहे. पत्र आणि पाकीट वेगळं करणार नाही. वाचणार, पण नावांसकट कुठे टाकणार नाही. घरच्यांना शोधायचं का ते पाऊलवाट यांचा अनुभव वाचून तूर्त बाजूला ठेवलं आहे. आता फक्त जपायचं कसं ते सांगा. काही पत्रांना टाचण्या आहेत, गंजल्यात. एकाला कुणीतरी सेलोटेप लावलाय.

रानजाई
जपणुकीत माझा हात धरणारं कुणी नाही, तेव्हा ऐका. टाचण्या आधी काढा, ओढून नाही, कागदाखाली पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवून. सेलोटेप स्वतः ओढू नका, वरचा मजकूर घेऊन येतो. लॅमिनेशन तर नावही काढू नका. एकदा केलं की कागद परत मिळत नाही. मऊ वासाची पीव्हीसीची पाकिटं टाळा, त्यांतून निघणारं रसायन शाई खातं. पॉलिएस्टरची घ्या, किंवा आम्लरहित कागदात गुंडाळा. पत्र उलगडून सपाट करून पाकिटाच्या मागे ठेवा, जुन्या घडीवर परत परत दुमडलं की तिथेच तुटतं. फाटलं असेल तर पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ. घरच्या मैद्याच्या खळीला कसर येते. टीपा मऊ पेन्सिलीनं, त्याही पाकिटावर नाही, सोबतच्या चिठ्ठीवर.

खाडीपलीकडे
आणि वेखंड? आमच्याकडे पोथ्यांत वेखंडाची पूड असते.

रानजाई
कापडात बांधून कपाटात ठेवा, कागदाला चिकटू देऊ नका. डांबराच्या गोळ्यांपेक्षा मला तेच बरं वाटतं. कोकणात खरा शत्रू पाऊस. जूनच्या आधी सगळं वाळलेल्या हवेत एकदा उघडून बघायचं, आणि उन्हात मुळीच नाही, शाई उडते.

पानगळ
@रानजाई, म्हणजे उघडायचं तर आहेच?

रानजाई
उघडायचं. वाचायचं नाही.

पेठकर
वऱ्हाडी_ठेचा, एकच विचारायचं राहिलं. छत्री परत गेली का?

वऱ्हाडी_ठेचा
माळ्यावर एक जुनी लाकडी दांड्याची हाये. आता आईला विचारतो कोणाची ते.